पेन्शनपुरा

हिंगोलीच्या बसस्थानकाबाहेर रिक्षावाल्याला मी सांगितलं, "आधी रिसाला बाजार, मग तोफखाना, मग पलटण, आणि शेवटी पेन्शनपुरा." त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, घर कुणाचं हुडकायलात?" मी म्हणालो, पलटणीचं. तो हसला. "पलटण हे मोहल्ल्याचं नाव आहे, साहेब. पलटण कुठंय आता इथं!"

त्याचं खरं होतं. पलटण गेली ती १९०३ मध्ये. त्याआधी जवळपास शतकभर हिंगोली हे छावणीचं गाव होतं. घोडेस्वार उतरले तो रिसाला बाजार, तोफा होत्या तो तोफखाना, पायदळाच्या लाईनी होत्या ती पलटण, साहेबांच्या आणि शिपायांच्या गरजा भागवणारा सदर बाजार. या सगळ्यांत मला अडकवून ठेवतं ते एकच नाव. पेन्शनपुरा. बाकीची नावं सैन्य उभं असतानाची आहेत. हे एक नाव सैन्यातून घरी बसवलेल्या माणसांचं आहे. नोकरी संपली, पण गाव लांब राहिलं, किंवा गावात परतण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून छावणीच्या कडेलाच ज्यांनी घर बांधलं, त्यांची ही वस्ती. लढायांच्या तारखा शाळेत पाठ करून घेतात. सैन्य मोडल्यावर शिपायाचं काय झालं, हा प्रश्न कुठल्याही परीक्षेत येत नाही.

हे सैन्य मुळात कुणाचं होतं, इथूनच घोळ सुरू होतो. शिपाई दख्खनचे आणि उत्तरेतले, अधिकारी इंग्रज, नाव निजामाचं, पैसाही निजामाचा, हुकूम मात्र रेसिडेंटचा, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रतिनिधीचा. १८०० सालच्या तहात निजामानं कबूल केलं होतं की युद्ध लागलं तर कंपनीच्या मदतीला ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार द्यायचे. युद्ध लागलं तर. हेन्री रसेल १८११ मध्ये हैदराबादला रेसिडेंट म्हणून आला आणि दोन वर्षांत त्याच्या नावाची ‘रसेल ब्रिगेड’ उभी राहिली. ती युद्धापुरती नव्हती, बारमाही होती. कारभार पाहणारा पेशकार चंदुलाल इंग्रजांच्या मर्जीवर टिकून असल्यानं त्यानं हरकत घेतली नाही. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर, आणि मुख्य ठाणं सिकंदराबादजवळचं बोलारम, अशा छावण्या बसल्या. तहातल्या ‘युद्धकाळी’ या एका शब्दाकडे काणाडोळा केला, एवढ्यावर हा सगळा डोलारा उभा होता.

पगार मात्र वेळेवर व्हायचा. ही गोष्ट त्या काळी इतकी नवलाची होती की ती समजून घेतल्याशिवाय हिंगोलीची छावणी समजत नाही. दख्खनच्या दरबारी फौजांत पगार तुंबणं हा रिवाजच होता. सहा-सहा महिने बाकी थकायची, मग शिपाई दिवाणाच्या दारात धरणं धरायचे. आज आपण कलेक्टर कचेरीसमोर धरतो ते धरणं त्याच कुळातलं. रसेल ब्रिगेडला महिन्याच्या महिन्याला रोख मिळे, कारण ती रोकड ‘विल्यम पामर आणि कंपनी’ ही हैदराबादची सावकारी पेढी पुरवत होती, आणि भरमसाट व्याजासह निजामाच्या खात्यावर चढवत होती. पुढे चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला, त्यानं या पेढीची वही उघडली आणि कलकत्त्यापर्यंत बोंब झाली. ६० लाखांचं एक कर्ज तर खुद्द गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या संमतीनं दिलेलं निघालं. शिपायाच्या हातात पडणाऱ्या प्रत्येक रुपयामागे मराठवाड्यातल्या कुणा कुणब्याच्या खळ्यावरचं धान्य होतं, आणि त्याच्यावर सावकाराचं व्याजही.

या ब्रिगेडनं २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांविरुद्ध भाग घेतला. तिचं पुढचं मोठं काम घराजवळच निघालं. नांदेडच्या बाजूला नोसाजी नाईक या हटकर सरदारानं बंड केलं होतं आणि इंग्रजी कागदांत ‘नोवाह’ लिहिलेली गढी धरून तो बसला होता. आत मोठा भरणा अरब शिपायांचा. जानेवारी १८१९ भर वेढा चालला, ३१ तारखेला गढी पडली, आतले बहुतेक मारले गेले. ‘नोवाह’ हे नाव पुढे त्या पलटणींच्या निशाणावर मानचिन्ह म्हणून चढलं.

ते अरब तिथं आले कुठून? पेशव्यांच्या, भोसल्यांच्या, होळकरांच्या फौजांत अरबांच्या तुकड्या असायच्या. दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतच्या कोरड्या मुलखातून गलबतानं आलेली ही माणसं किल्ला राखण्यात पटाईत समजली जात. १८१८ मध्ये मराठी राज्य बुडालं तेव्हा इंग्रजांपुढे पहिला मोठा प्रश्न हाच होता: या परदेशी शिपायांचं करायचं काय? पगाराची बाकी द्यायची, शस्त्रं घ्यायची आणि समुद्रापार धाडायचं, असं धोरण ठरलं. मालेगावच्या किल्ल्यात त्यांनी त्याच वर्षी मे-जूनमध्ये निकराची झुंज दिली. ज्यांना मायदेशी जायचं नव्हतं ते निजामाच्या हद्दीकडे सरकले. म्हणजे एका राज्याची फौज मोडली की दुसऱ्या राज्याच्या हद्दीवर बंड उगवतं, आणि ते मोडायला तिसरी फौज लागते. हिंगोलीच्या छावणीचं बस्तान बसलं ते या फिरत्या रहाटगाडग्यात.

छावणीतल्या रोजच्या जगण्याचे दोन शब्द मला फार आवडतात, कारण ते आपलेच आहेत. शिलेदार आणि बारगीर. या फौजेचा रिसाला शिलेदारी पद्धतीनं चाले. घोडा, खोगीर, हत्यार ज्याचं त्याचं. सरकार त्या सगळ्यासकट दरमहा ठरावीक रक्कम देई. रिसाल्यातल्या एका जागेला ‘आसामी’ म्हणत आणि ती आसामी विकत घेता येई, विकता येई, वारसाला देता येई. एकाच माणसाकडे दहा आसाम्या असतील तर तो दहा घोडे पाळी आणि त्यांवर आपले बारगीर बसवी. म्हणजे नोकरी ही इस्टेट होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण असा रिसाला मोडला की नुसता पगार बुडत नाही. पागा, घोडा, घालून ठेवलेलं भांडवल, पोराला मिळणार म्हणून धरून ठेवलेली जागा, सगळ्याचा हिशेब करावा लागतो.

छावणी म्हटली की शिस्त आणि सुरक्षितता, असं वाटतं. हिंगोलीची एक गोष्ट त्याच्या अगदी उलट आहे. निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर यानं १८३९ मध्ये ठगांवर कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या हरीसिंग नावाच्या व्यापाऱ्याबद्दल सांगतो. प्रतिष्ठित माणूस; टेलरचं स्वतःचं त्याच्याशी देणंघेणं होतं. तो या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून येणाऱ्या कापडासाठी त्यानं साहेबाकडून रीतसर परवाना घेतला, कापडाच्या खऱ्या मालकाला वाटेत संपवलं आणि तोच माल छावणीच्या बाजारात उघड्यावर विकला. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून हाकेच्या अंतरावर माणसं पुरलेली सापडली. टेलर ते खड्डे उकरताना हजर होता. अख्खी पलटण शेजारी कवायत करत होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता १८५३. या फौजेचा खर्च वर्षाला ४० लाखांच्या आसपास, निजामाची तिजोरी रिकामी, पगारासाठी कंपनीनंच उसने दिलेले पैसे वाढत वाढत ५० लाखांच्या घरात. गव्हर्नर जनरल डलहौसीनं बोट ठेवलं: कर्ज फेडा, नाहीतर मुलूख द्या. २१ मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. बदल्यात कंपनीनं ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि चार तोफखाने बाळगायचे, आणि तेव्हापासून त्याला म्हणायचं ‘हैदराबाद कंटिन्जंट’. सही झाल्यावर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारला आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग त्या जागी आला. वऱ्हाड परत मिळवायला तो आयुष्यभर झगडला, १८८३ मध्ये गेला, वऱ्हाड काही परत आलं नाही. १८५७ ची बक्षिसी म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, ५० लाखांचं कर्जही माफ झालं. वऱ्हाड तेवढं राहिलं, कारण कापूस तिथं होता.

हिंगोलीकराला हे नकाशात बघायची गरज नाही. उत्तरेला पैनगंगा. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचा अंमल. वाशीमच्या रस्त्यावर कनेरगाव ‘नाका’ हे नाव आजही आहे. छावणी अलीकडच्या काठावर आणि तिच्या पगाराचा मुलूख पलीकडच्या काठावर, अशी ही विलक्षण मांडणी अर्धशतक चालली.

१८५७ ची गोष्ट आपण मराठवाड्यात जरा हळू आवाजात सांगतो. औरंगाबादला कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यानं जूनमध्ये बंड केलं, ते लगेच चिरडलं गेलं. पण त्याच कंटिन्जंटच्या तुकड्या पुढे सर ह्यू रोजच्या फौजेत मध्य हिंदुस्थानात गेल्या आणि १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात, काल्पीला लढल्या. म्हणजे राणी लक्ष्मीबाईविरुद्ध. त्यांच्या निशाणावर ‘सेंट्रल इंडिया’ हे मानचिन्ह त्याबद्दलच आहे. ती माणसं वाईट होती असं मला म्हणायचं नाही. दरमहा वेळेवर पगार देणाऱ्या धन्याची चाकरी, यापलीकडे त्यांच्यापुढे दुसरा देश तेव्हा मांडलेला नव्हता. पण पेन्शनपुऱ्यातल्या ओट्यांवर म्हाताऱ्यांनी नातवंडांना काय सांगितलं असेल, याचा विचार मनात येतोच.

गावाच्या दसऱ्याचाही या छावणीशी संबंध असावा, असा माझा अंदाज आहे. खाकीबाबा मठाशी जोडलेला हिंगोलीचा सार्वजनिक दसरा १८५५ पासून चालत आल्याचं सांगतात, आणि त्यात रामलीलेला मोठा मान आहे. मराठवाड्याच्या गावात गोंधळ, भारूड, कीर्तन समजू शकतं. उत्तरेची रामलीला इतकी रुजते कशी? कंटिन्जंटमध्ये अवध-बुंदेलखंडाकडचे ‘परदेशी’ शिपाई बरेच होते, हे धरलं की कोडं सुटल्यासारखं वाटतं. पुरावा म्हणून हे कुणी घेऊ नये.

मग व्हाइसरॉय कर्झन आला. ५ नोव्हेंबर १९०२ चा करार निजाम महबूब अली खानाबरोबर झाला. वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या खंडानं कायमचं इंग्रजांकडे. त्याआधी वऱ्हाडच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता उरेल ते निजामाला द्यायचं होतं, आणि कारभाराचा खर्च असा फुगवला जाई की फारसं उरतच नसे. त्यापेक्षा बांधीव रक्कम बरी, असं दरबारानं स्वतःला समजावलं असावं. त्याच सौद्यात कंटिन्जंट संपलं. १९०३ मध्ये त्याचे रिसाले आणि पलटणी हिंदी सैन्याच्या सर्वसाधारण यादीत घातल्या गेल्या. चार रिसाल्यांपैकी एक मोडून बाकीच्या तिघांत वाटला. सहा पायदळ पलटणींना ९४ ते ९९ असे नवे आकडे मिळाले. चारही तोफखाने बरखास्त झाले, कारण १८५७ नंतर देशी माणसाच्या हाती मैदानी तोफा ठेवायच्या नाहीत हे सरकारचं धोरण होतं आणि कंटिन्जंट हा त्याला उरलेला अपवाद होता. हिंगोलीची छावणी उठली.

सरकारी भाषेत ही एक सुटसुटीत फेररचना. यात हरलेलं युद्ध नाही, बंड नाही, एक गोळी सुटलेली नाही. शहराच्या बाजूनं पाहा. रिसाल्याला रोज गवत पुरवणारे, खोगीर शिवणारे मोची, नालबंद, धोबी, दूधवाले, शिंपी, सदर बाजारचे वाणी आणि सराफ, छावणीतल्या दवाखान्यांतले चाकर, सगळ्यांचं गिऱ्हाईक एका हंगामात उठून गेलं. कागदावर त्यांची गणती नाही, कारण ते ‘नोकरीत’ नव्हते. रेल्वेचा पूर्णेहून येणारा फाटा गावात पोहोचला तो पलटण गेल्यावर. मग कापसानं हिंगोलीला सावरून धरलं. आणि पेन्शनपुरा होता तिथं राहिला, कारण पेन्शनरला बदली नसते.

पलटणी मात्र समुद्र ओलांडून गेल्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगा बंदरावर इंग्रजांनी फौज उतरवली, तिच्यात ९८ वी पलटण होती. जर्मनांच्या गोळ्यांइतक्याच तिथल्या जंगली मधमाश्या तिच्यावर तुटून पडल्या आणि फळी विस्कटली. ९७ वी मेसोपोटेमियात गेली. उरलेल्या तीन रिसाल्यांपैकी विसाव्या दख्खन हॉर्सनं १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या रणावर मशीनगनांच्या काळात घोड्यांवरून भाल्यांनी चाल केली. दख्खनी शिलेदारीचा हा शेवटचा तमाशा युरोपातल्या गव्हाच्या शेतात झाला.

तोपर्यंत या पलटणींत मराठवाडा फारसा उरलेलाच नव्हता. छावण्यांशी नाळ तुटल्यावर भरती हळूहळू कुमाऊँचे पहाडी, जाट, अहीर यांच्याकडे वळली. ‘लढाऊ जमाती’ कोणत्या, हे सिमल्यात बसून ठरवायचा तो काळ. १९२२ मध्ये या पलटणी मिळून ‘१९ वी हैदराबाद रेजिमेंट’ झाली. नाव हैदराबादचं आणि शिपाई अल्मोड्याचे. तिची चौथी बटालियन जानेवारी १९४२ मध्ये मलायात स्लिम नदीवर जपानी रणगाड्यांखाली चिरडली गेली, उरलेले सिंगापूरला कैद झाले. १९४५ मध्ये ते सुटले तेव्हा हिंदी सैन्य सुमारे २५ लाखांवर गेलं होतं आणि ते मोडायचं काम सुरू झालं होतं. कैदेतून आलेल्यांची त्यातही वेगळी चाळण: आझाद हिंद फौजेशी संबंध किती, यावरून ‘पांढरे’, ‘करडे’ आणि ‘काळे’ असे गट. पांढऱ्याला मागचा पगार आणि रजा, काळ्याला बडतर्फी. २७ ऑक्टोबर १९४५ ला रेजिमेंटचं नाव कुमाऊँ झालं. हैदराबाद हा शब्दही गेला.

आज तिचं केंद्र रानीखेतला आहे. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला पडलेले, पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा चौथ्या कुमाऊँचे, आणि ही चौथी कुमाऊँ आपली वंशावळ १७८८ पर्यंत, अचलपूरच्या नवाब सलाबतखानाच्या पलटणीपर्यंत नेते. कोल्हापुरात जन्मलेले लष्करप्रमुख जनरल श्रीनागेश याच रेजिमेंटचे, जनरल थिमय्याही. सोमवर भाले घेऊन गेलेला रिसाला १९६५ मध्ये असल उत्तरला रणगाड्यांतून लढला. त्याचं नाव अजून दख्खन हॉर्सच आहे.

दुसरी मोडतोड, निजामाच्या स्वतःच्या फौजेची, आजच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, पाच दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. निजामाच्या बाजूच्या रझाकारांशी लढताना प्राण दिलेले वापटीचे हुतात्मा बहिर्जी शिंदे याच मातीतले, आणि स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या छावण्यांपैकी एक पैनगंगेपलीकडे उमरखेडला होती. मुक्तिसंग्रामाचा तो भाग दर १७ सप्टेंबरला सांगितला जातो. त्यानंतरचं सांगितलं जात नाही.

१८ तारखेला निजामाचा सेनापती जनरल एल एद्रूस शरण आला. त्याचं घराणं मूळचं हद्रमौतचंच. त्या दिवसापासून १९४९ अखेर हैदराबादवर लष्करी गव्हर्नरचं राज्य होतं. गव्हर्नर मेजर जनरल जे. एन. चौधरी, मुलकी बाजूला डी. एस. बखले, आणि मुंबई, मध्य प्रांत, मद्रासहून आणलेले अधिकारी. एका वर्षात रझाकारांची धरपकड, जहागिऱ्या बरखास्त, आणि निजामाची फौज मोडणं, असं सगळं एकदम अंगावर आलेलं. नियमित फौज बावीस हजारांच्या आसपास. शिवाय अरब, रोहिले, पठाण यांच्या बेकवायती तुकड्या, कोतवालीचे जवान, जहागीरदारांचे पहारेकरी. त्यांतल्या बहुतेकांची दुसऱ्या कामाची तयारी नव्हती. खेड्यापाड्यांत त्या महिन्यांत मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं, ते पाहायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली. मेलेल्यांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजार होता. तिचा अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. मुक्तीचा आनंद खरा होता, आणि हेही खरं होतं. दोन्ही एकाच महिन्यात घडलं.

अरबांचं तर १८१८ सारखंच झालं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर: परदेशी ठरतील त्यांना समुद्रापार धाडा. पण परदेशी कोण? बाप हद्रमौतच्या मुकल्ल्याहून आलेला, आई मराठवाड्याची, स्वतः जन्मलेला इथं, बोली दखनी, तो कोणत्या देशाचा? काहींना छावण्यांत ठेवलं, काही परत धाडले गेले, पुष्कळ इथंच राहिले. हैदराबादला अरबांचा मोहल्ला ‘बारकस’ म्हणून ओळखला जातो. तो शब्द म्हणजे ‘बॅरेक्स’. आणि परभणी-हिंगोलीकडे ज्यांना आपण ‘चाऊस’ म्हणतो, त्या चाऊस शब्दाचा मूळ तुर्की अर्थ आहे हवालदारासारखा खालचा लष्करी अंमलदार. फौज मोडली, हुद्दा आडनाव होऊन राहिला.

दुपारी पेन्शनपुऱ्यात पोहोचलो. साधी वस्ती. किराणा, मोबाईलचं दुकान, ओट्यावर बसलेली चार माणसं. या नावाचा अर्थ विचारला तर एक जण म्हणाला, "पेन्शनवाले राहायचे पूर्वी. कोण पेन्शनवाले, ते आता कोण सांगनार?"

सांगणारे कागद आहेत, पण ते पगार देणाऱ्यांचे आहेत. तहांची कलमं, रेसिडेंटची पत्रं, पामर पेढीचा हिशेब हैदराबाद, दिल्ली आणि लंडनच्या दप्तरखान्यांत नीट जपलेला आहे. पगार घेणाऱ्याचे कागद तिथं नाहीत. ते असतील तर हिंगोली, वसमत, कळमनुरी, अंबाजोगाई, अचलपूरच्या घरांत: नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण लिहिलेला सुटकेचा दाखला, पेन्शनची चिठ्ठी, एखादं पदक, रिसाल्यातल्या आसामीच्या विक्रीचा उर्दू कागद. यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या पेटीत असं काही हाती लागलं, तर वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. फोटो काढा, आणि तो कुणाचा होता हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून मागच्या बाजूला लिहून ठेवा.